अंगाईतले आम्ही

यांच्या वहीत अठरा ठिकाणांची यादी होती आणि माझ्या पिशवीत दोन डझन संत्री. नागपूरहून कुणाकडे जायचं तर संत्री न्यायची, ही सवय. या वेळी मात्र आम्ही कुणाकडेच चाललो नव्हतो. कोलकात्यात आमच्या ओळखीचं एक माणूस नव्हतं. तिथे लग्न नव्हतं, बारसं नव्हतं, कुणाला दवाखान्यात बघून यायचं नव्हतं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, आणि तेवढ्यात प्रवास काही थोडा झाला नाही. शेगाव झालं, पंढरपूर झालं, मुलीच्या प्रवेशासाठी पुण्याच्या चार खेपा झाल्या. पण नुसतं बघायला म्हणून दोघंच कुठे गेलो नव्हतो. लग्नानंतर जायचं होतं. तिकिटं काढलेली होती. त्याच आठवड्यात सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला, तिकिटं परत केली, आणि मग तो विषय घरात कुणी काढला नाही. मीही नाही. २०१८ च्या डिसेंबरात मुलीने परस्पर आरक्षण केलं आणि फोनवर एवढंच म्हणाली, "आई, ओझं नेऊ नकोस." मी संत्री घेतली.

गीतांजली एक्सप्रेस नागपूरला संध्याकाळी येते. १९७७ साली मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना, वर्गभेद नसलेली गाडी म्हणून ती सुरू झाली, हे यांनी मला फलाटावरच सांगितलं. यांना असं सगळं ठाऊक असतं. बी. ए.ला इतिहास होता, पुढे एम. ए. करायचं होतं, घरची परिस्थिती पाहून पाटबंधारे खात्याच्या कचेरीत लागले आणि इतिहास पुस्तकांच्या कपाटात राहिला. सकाळी जाग आली तेव्हा खिडकीबाहेर लाल माती होती आणि सालाची उंच झाडं. टाटानगर आलं तसा यांनी माझ्या खांद्याला हात लावला. "हावड्याचा पूल बघशील ना, त्याचं बहुतेक पोलाद इथलं. साडेसव्वीस हजार टनांतलं तेवीस हजार." फलाटावर चहावाले धावत होते, आणि हे त्यांच्या पलीकडे कुठेतरी भट्टीकडे पाहत असल्यासारखे पाहत होते.

उत्तर कोलकात्यात, बागबाजारजवळ, एका जुन्या घरात वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. तिथे उतरलो. हिरव्या झडपांच्या खिडक्या, मधे चौक, चौकात तुळस. घरच्या आजींना सगळे माशिमा म्हणत, म्हणजे मावशी; आम्हीही म्हणू लागलो. त्यांची नात दोन वर्षांची, कडेवर. आम्ही कुठले, त्यांनी विचारलं. हे म्हणाले, "महाराष्ट्र. नागपूर."

"नागपूर?" माशिमांनी नातीकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि हसून म्हणाल्या, "मग तुम्ही तर बोर्गी!"

मला काही समजलं नाही. यांना समजलं. यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. माशिमांच्या मनात काही नव्हतं. कुणी कोकणातला म्हटलं की आपण आंबा आठवतो तशा सहजपणे त्या बोलल्या होत्या. बंगालमध्ये एक अंगाई आहे, त्या सांगू लागल्या. सगळ्या बंगाली बाळांना म्हणतात. बाळ निजलं, वस्ती शांत झाली, आणि तेवढ्यात मुलुखात बोर्गी आले असं तिच्यात आहे. पाखरांनी धान खाऊन टाकलं, आता सारा कुठून भरायचा, ही काळजी आहे. त्यांच्या आजीने त्यांना म्हटली, त्यांनी मुलांना म्हटली, आता नातीला म्हणतात.

त्या रात्री मच्छरदाणीत बराच वेळ दोघंही जागे होतो. यांनी अंधारात सगळं सांगितलं. बोर्गी म्हणजे आपले बारगीर. शिलेदाराचा घोडा त्याच्या मालकीचा, बारगिराला घोडा सरकारचा. नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं बंगालवर चालून जात राहिल्या. चौथाई हवी होती. नवाब अलीवर्दीखानाने अखेर १७५१ साली तह केला, वर्षाला बारा लाख द्यायचं कबूल केलं आणि ओरिसा गेला भोसल्यांकडे. "आम्हाला लहानपणी भास्करपंतांची गोष्ट सांगायचे," हे म्हणाले. "भास्करराम कोल्हटकर, रघूजींचा सेनानी. नवाबाने १७४४ साली बोलणी करायला म्हणून तंबूत बोलावलं आणि दगा देऊन मारलं. माझे आजोबा सांगायचे तेव्हा मला रडू यायचं." थोडं थांबून म्हणाले, "पण गंगाराम नावाच्या एका बंगाली कवीने त्याच काळात महाराष्ट्रपुराण लिहिलं. त्यात पळणारी माणसं आहेत. ब्राह्मण पोथ्या घेऊन पळतायत, सोनार काटा-वजनं घेऊन, कोळी जाळी घेऊन. हे मी कॉलेजात वाचलं होतं. वाचलं आणि मिटून ठेवलं."

मी काही बोलले नाही. मी मुलीला अंगाया म्हटल्या आहेत. चिऊताईचं घर, चांदोबाचा वाडा, निंबोणीचं झाड. कुणाला भिववायचं तर बागुलबुवा, त्याला ना गाव ना जात. बंगालच्या बागुलबुवाला गाव होतं, आणि ते आमचं होतं. नागपूरच्या महाल भागातल्या ज्या गल्लीत मी हळदीकुंकवाला जाते, तिथून ते घोडे निघाले असतील. अडीचशे वर्षांहून जास्त काळ या शहरातली एकेक आई आपल्या बाळाला थोपटताना आमचं नाव घेत आली होती, आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. कुणीतरी आपल्याला इतकी वर्षं आठवणीत ठेवावं, आणि ते असं ठेवावं, याचं काय करायचं हे मला त्या रात्री कळेना. आजही नीट कळलेलं नाही.

यांच्या यादीत सातव्या क्रमांकावर एक खंदक होता. सकाळी उठून हे म्हणाले, आधी तिथेच जाऊ.

मराठा खंदकाची हकीकत अशी. फौजा येणार म्हणून कलकत्त्याच्या लोकांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या परवानगीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा करायचा होता. सहा महिन्यांत तीन मैल झाला. मराठे काही कलकत्त्यावर आले नाहीत, खणणं थांबलं, आणि ती चर तशीच राहिली. १७९९ मध्ये तिच्यातला मोठा भाग बुजवून वर सर्क्युलर रोड केला, उरलेला १८९३ पर्यंत बुजवला. आज त्या रस्त्याला आचार्य प्रफुल्लचंद्र आणि आचार्य जगदीशचंद्र अशी दोन शास्त्रज्ञांची नावं आहेत. भीतीने खणलेली जागा इतक्या चांगल्या माणसांच्या नावावर झाली, हे मला फार आवडलं. जुनं नाव बागबाजारातल्या एका लहान गल्लीला तेवढं उरलं आहे: मराठा डिच लेन.

गल्लीत बघण्यासारखं काहीच नव्हतं. दोरीवर वाळणाऱ्या साड्या, एक इस्त्रीवाला, कोपऱ्यावर चहाची टपरी. आम्ही बाकावर बसलो. मातीच्या लहानशा भांड्यात चहा आला. त्याला इथे भांड म्हणतात. शेजारच्या माणसाने यांना "दादा" म्हणत जागा करून दिली, टपरीवाल्याने मला "बौदी" म्हणून बिस्किटं पुढे केली. दादा आणि वहिनी. जिथे आमच्या येण्याच्या धास्तीने माती उपसली होती, तिथे आम्ही दादा-वहिनी होऊन चहा पीत बसलो. हे भांड हातात फिरवत राहिले. चहा संपल्यावर सगळे ते फेकून देत होते. यांनी ते रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवलं.

श्यामबाजारहून एस्प्लनेडला ट्रॅमने निघालो. ट्रॅमबद्दल मला थोडं जास्त लिहायचं आहे. १८७३ साली या शहरात घोड्यांची ट्रॅम धावली, १९०२ पासून विजेची. मुंबईने आपल्या ट्रॅम १९६४ साली बंद केल्या, कोलकात्याने धरून ठेवल्या. आमची ट्रॅम लाकडी बाकांची होती, चालक पायाने घंटा वाजवत होता, आणि गाडी इतकी सावकाश की शेजारून चालणारा एक म्हातारा बराच वेळ आमच्या बरोबरीने दिसत राहिला. बायकांची बाकं वेगळी. मी तिथे बसले, हे समोरच्या बाजूला.

लग्नापासून मी यांच्या स्कूटरवर मागे बसत आले. यांची मान, सदऱ्याची कॉलर, उन्हाळ्यात पाठीवर उमटणारी घामाची रेघ, हे सगळं मला पाठ आहे. घरात जेवायला हे आधी बसतात, मी नंतर. अंथरुणावर दिवा मालवलेला. समोरासमोर, दिवसाउजेडी, काही काम नसताना, तासभर यांचा चेहरा मी कधी पाहिला होता? कॉलेज स्ट्रीट आला. दोन्ही बाजूंना पुस्तकांची दुकानं, फळ्या ठोकून केलेल्या टपऱ्या, छतापर्यंत रचलेल्या थप्प्या. हे खिडकीतून बघत होते आणि यांचे ओठ हलत होते. कण्यांवरची नावं वाचत होते, येत नसलेल्या लिपीतली, इंग्रजी दिसेल तिथे इंग्रजी. कपाळावर एक आठी असायची, ती पार मिटली होती. मला एम. ए.चा फॉर्म आणायला निघालेला मुलगा दिसला, जो माझ्याशी लग्न होण्याआधीच कुठेतरी थांबला होता. मी त्याला पहिल्यांदाच भेटत होते.

"उतरायचं का?" मी समोरून विचारलं. यादीत नव्हतं ते. हे चमकून माझ्याकडे बघायला लागले, आणि मग पुढच्या थांब्याला आम्ही उतरलो.

तिथे तीन तास गेले. त्यामुळे यादीतली पाच ठिकाणं राहिली, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. व्हिक्टोरिया मेमोरियल पाहिलं. मकराण्याचा संगमरवर, माथ्यावर वाऱ्यानुसार फिरणारी काळी परी, बागेत जोडपीच जोडपी. १८१४ सालचं संग्रहालय पाहिलं, ज्याला इथली माणसं जादूघर म्हणतात. पण मनात राहिला तो पहाटेचा मल्लिक घाट. हावड्याच्या पुलाखाली झेंडूच्या माळांचे गुंडाळे, माणसाच्या कमरेएवढे, डोक्यावर घेऊन हमाल धावत होते. पाय ठेवायला जागा नव्हती, चिखलात पाकळ्या तुडवल्या जात होत्या. मी माळा हातात घेऊन भाव विचारत, वास घेत, दोन बायकांशी हातवाऱ्यांनी बोलत पार टोकापर्यंत गेले. मागे वळून पाहिलं तर हे दूर एका खांबाशी उभे होते. जवळ आले आणि म्हणाले, "तू अशी गर्दीत शिरतेस हे मला माहीत नव्हतं." यांच्या आवाजात काळजी नव्हती. बराच वेळ बघत उभे असणार. वर तो पूल होता, टाटानगरच्या पोलादाचा, नट-बोल्टांशिवाय नुसत्या रिव्हेटांनी जोडलेला, नदीच्या पात्रात एक खांबही न टेकता ४५७ मीटरचा गाळा पेललेला. दोन काठांवरून दोन बाहू पुढे येतात आणि मधे एकमेकांना धरतात, असं हे समजावून सांगत होते. मी ऐकत होते, आणि फुलांचा ओला वास माझ्या हातांना येत होता.

मूर्तिकारांच्या कुमारटुलीत सरस्वतीच्या मूर्तींची तयारी चालली होती. बांबू आणि पेंढ्याची नुसती आकृती, तिच्यावर गंगेची माती लिंपत होते. तोंडं अजून व्हायची होती. एका अंधाऱ्या पडवीत बिनचेहऱ्याच्या दहा-बारा सरस्वती ओळीने बसलेल्या. तिथे आम्ही काहीच बोललो नाही.

परतीच्या आदल्या संध्याकाळी मी उरलेली संत्री माशिमांना दिली. त्यांनी एक हुंगलं, सोललं, फोड तोंडात टाकली, आणि आमच्या दार्जिलिंगची कमला याहून पातळ सालीची असते, पण ही गोड आहे, असा निवाडा दिला. मला नलेन गुळाच्या संदेशाचा पुडा दिला. खजुराच्या झाडाचा हिवाळी रस आटवून केलेला तो गूळ, त्याला धुराचा हलका वास येतो. नातीच्या हातात संत्र्याची फोड होती. ती चोखता चोखता तिचे डोळे जड झाले. माशिमांनी तिला मांडीवर आडवं केलं आणि थोपटू लागल्या.

सूर ओळखू आला. कधीही न ऐकलेला, तरी ओळखू आला. थोपटण्याचा ठेका सगळीकडे एकच असावा. शब्द मला समजत नव्हते, तो एक सोडून. तो आला तेव्हा माशिमांनी आमच्याकडे पाहिलं, जरा हसल्या, आणि आवाज अगदी खाली नेला.

नात झोपली होती. मुठीतून संत्र्याचा रस मनगटावर ओघळला होता, तो त्यांनी पदराने टिपला. आमची खोली जिन्यावर, जिना लाकडी, पायऱ्या करकरणाऱ्या. यांनी वाकून चपला काढल्या आणि हातात घेतल्या. मीही घेतल्या. भिंतीच्या कडेने, एकेका पायरीवर थांबत, आवाज होऊ न देता आम्ही वर गेलो.