कोठा म्हणजे गोठाच, बाई!

मैत्रिणींनो, खामगावहून बुलढाण्याला येताना बोथ्याचा घाट लागतो. ज्ञानगंगा अभयारण्याचं रान मागं पडलं की आपण 'घाटावर' आलो. आमच्या जिल्ह्याचे खरे भाग दोनच, घाटावर नि घाटाखाली. तेरा तालुके ते कागदावर! एसटीच्या खिडकीतून नुसता डोंगर पाहू नका, शेताकडेची बांधकामंही बघा.

पुण्याकडची सून इथं पहिली अडखळते ती 'कोठा' या शब्दाला. तिकडं कोठा पोटाचा, नाहीतर धान्याचा. वऱ्हाडात ढोरं बांधतात तो कोठा. त्यातच एका अंगाला कुटार, म्हणजे तूर-हरभऱ्याचा मळणीनंतरचा भुसा. आमच्या वर्गातल्या एका मुलानं निबंधात 'बैल कोठ्यात बांधले' असं लिहिलं, तर वहीवर दुसऱ्या बाईंची तांबडी रेघ! बाप रोज बोलतो तो शब्द चूक कसा हो? इंग्लंडात उत्तरेकडे गोठ्याला बायर म्हणतात, लँकशायरकडे शिपन. जोसेफ राइट यांनी 1898 ते 1905 या काळात असल्या बोलीशब्दांचा सहा खंडांचा कोश छापला. तिथं नाही कुणी रेघ मारली.

सगळ्यात नवलाचं ते पेव. जमिनीत खोल खड्डा, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं. आतून कडबा-गवत लावून ज्वारी भरायची नि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. कोंडलेल्या हवेत किडा जगत नाही. पण माणूसही गुदमरतो. म्हणून पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही. जुनी माणसं आधी कंदील सोडून बघत. विझला, तर थांबायचं.

आता ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं. मळणीयंत्रातून पोत्यात, पोत्यातून थेट बाजार समितीत. पेवं बुजली, खळी मोडली, खळ्यात मधोमध रोवायचा तो तिवडा मुलांना चित्रातही ठाऊक नाही. धाब्याच्या घरांवर, जाड मातीच्या छताच्या जागी, टिनं चढली. वैशाखात त्या टिनाखाली स्वयंपाक करून बघा, म्हणजे धाब्याची किंमत कळेल!

या सुट्टीत गावी गेलात, की सासूबाईंजवळ वही घेऊन बसा. हिशेबाची चालेल. गव्हाण, कणगी, ढोली, उकंडा, त्या सांगतील तसं लिहून घ्या. शुद्धलेखन मात्र तपासू नका.