दीड तासाचा हिशेब

मुंबईहून नागपूर किती लांब, हा प्रश्न आपल्या घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांत नेहमी निघतो. कुणाचे माहेर विदर्भात, कुणाची लेक नागपुरात दिलेली. आणि अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाणारे तर घरोघरी. रेल्वेने हे अंतर ८३७ किलोमीटर भरते. गाडी कसाऱ्याचा घाट चढते, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा करीत बारा ते पंधरा तासांनी पोचवते. विमान जवळजवळ सरळ रेषेत जाते. त्या रेषेत अंतर सुमारे ६८० किलोमीटर. वेळापत्रकात दीड तास, कधी थोडा जास्त.

हा सगळा वेळ हवेतला नसतो. विमान जागेवरून हलले की घड्याळ सुरू होते. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून विमानांना रांगेत थांबावे लागते. हिवाळ्यात उंचावर वारा पश्चिमेकडून जोरात वाहतो. तो जाताना पाठीवर आणि येताना तोंडावर, म्हणून परतीला थोडा वेळ अधिक लागतो.

हे सारे मला कळले ते ताईच्या दुखण्यामुळे. माझी थोरली बहीण नागपुरात असते. एका पहाटे भाऊजींचा फोन आला, "दुपारी दोनला ऑपरेशन आहे. ती तुझंच नाव घेते आहे." संध्याकाळची गाडी धरली असती तर दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले असते. ऐनवेळचे विमानाचे भाडे ऐकून मी गप्प झाले. आमचे हे म्हणाले, "भिशीचे पैसे आलेत ना? कानातले पुढच्या वर्षी कर." मुलाने तिकीट काढले.

साडेसातला घर सोडले. मेट्रोने एअरपोर्ट रोड, तिथून रिक्षा. सुटण्याच्या तासभर आधी सामानाची खिडकी बंद होते, म्हणून दोन तास आधी पोचायचे. पिशवी एकच होती, ती हातातच ठेवली. साडेदहाला विमान सुटले, बाराला उतरले, एक वाजता मी ताईच्या खाटेजवळ होते. म्हणजे घर ते दवाखाना साडेपाच तास. दीड तासाचा खरा हिशेब हा असा आहे. ताईने हात धरला आणि म्हणाली, "आलीस! आता मी जाते आत." आज ती घरात हिंडती-फिरती आहे.

सोनेगावच्या त्या विमानतळाला २००५ पासून बाबासाहेबांचे नाव आहे. धम्मदीक्षेसाठी ११ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब दिल्लीहून नागपूरला विमानानेच आले होते. बाहेर पडताना पाटीवरचे ते नाव वाचले आणि धीर आला.

भगिनींनो, दीक्षाभूमीला मुलाबाळांसह जायचे तर रेल्वेच बरी. भाकरी बांधून घ्यावी, सगळ्यांनी मिळून जावे. पण घरात कुणी अत्यवस्थ असेल तेव्हा विमान म्हणजे श्रीमंतांची चैन, असे समजून मागे राहू नका. भिशीतून, पगारातून थोडे पैसे अशा वेळेसाठी बाजूला ठेवा. कानातले पुढच्या वर्षीही करता येतात.