सोंग आणि बिऱ्हाड

गेल्या दिवाळीत आमचे चिरंजीव पुण्याहून सोलापुरास आले, ते एक गाऱ्हाणे घेऊनच. अविवाहितांस कोणी खोली देत नाही! हे ऐकून आम्हांस हसू आले, आणि याच अडचणीवर रचलेले दोन चित्रपट आम्ही त्यास लागोपाठ दाखविले.

पहिला 'बीवी और मकान', हृषीकेश मुखर्जी यांचा १९६६ मधील कृष्णधवल चित्रपट. मूळ कथा बंगालीतली. जागा हवी, घरमालकास तर बिऱ्हाडकरू सपत्नीक हवेत. तेव्हा मित्रांपैकी दोघांनी लुगडी नेसावयाची, एवढेच कथानक. (बायको असल्याशिवाय घर नाही हे चित्रपटातले संकट; घर असल्याशिवाय बायको नाही हे आमच्या समाजातले!) त्यावरून सचिन यांनी १९८८ साली मराठीत 'अशी ही बनवाबनवी' केला. त्याचे लेखक वसंत सबनीस जन्माने सोलापूरचे, हे सांगितल्यावाचून सोलापूरकरास राहवत नाही.

मेहमूद, विश्वजीत, केश्तो मुखर्जी यांचा तो जुना चित्रपट यावेळी आम्हांस पूर्वीपेक्षा अधिक आवडला. त्यातील हसणे संथ आहे, आणि बेकारीची झळ त्याआडून लागत राहते. परंतु लुगड्यातला पुरुष ही तेथे केवळ युक्ती आहे. मराठीत आला की तो स्वगृही येतो. बालगंधर्वांच्या सिंधूसाठी डोळे पुसणाऱ्या आणि तमाशातल्या मावशीस टाळ्या देणाऱ्या प्रेक्षकांची आम्ही नातवंडे. 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणाऱ्या सबनीसांस हे ठाऊक नसते तरच नवल! लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती ही मावशीची सख्खी बहीण, तर सचिन यांची सुधा नाटकमंडळीतून आलेली. त्या पार्वतीचे डोहाळजेवण सुरू झाले आणि आमच्या घरातील तीन पिढ्या एकदम हसल्या. बेर्डे २००४ साली गेले, हे मध्येच आठवले. पण हसू थांबले नाही.

चित्रपटात सोंग शेवटी उघडे पडते आणि सारे गोड होते. आमचे तसे झाले नाही. एम्. ए. साठी पुण्यास असताना आम्ही व आमचा एक मित्र हा चित्रपट पाहून आलो, आणि त्याच आठवड्यात एका वृद्ध घरमालकीणबाईंपुढे मावसभाऊ म्हणून उभे राहिलो. त्यांस परकी मुले एकत्र नको होती. खोली मिळाली. पुढे दर महिन्यास बाई आमच्या नसलेल्या मावशीची चौकशी करू लागल्या, आणि आम्ही तिला कधी पडसे, कधी गुडघेदुखी देऊ लागलो. एका थंडीत सुटीवर निघालो, तेव्हा बाईंनी डबा हाती दिला. "मावशींना द्या. डिंकाचे आहेत, गुडघ्यांना बरे." ते लाडू आम्ही दोघांनी कुर्डुवाडी येण्यापूर्वीच संपविले.

चिरंजीव पोट धरून हसले. मग म्हणाले, "बाबा, त्यांना खरे केव्हा सांगितलेत?"

आम्ही सांगितले नव्हते. पुढील वर्षी खोली सोडली. निघताना बाईंनी मावशीस नमस्कार सांगितला, तोही आम्ही घेतला. डबा मात्र घासूनपुसून परत केला होता, एवढे आम्ही चिरंजीवांस सांगितले.