भगताचं यश

चि. मुक्ता,


पत्र पोचलं. साप चावलेल्या पोराला आधी भगताकडे नेलं आणि तुझ्या आरोग्य केंद्रात आणलं तेव्हा फार उशीर झाला होता, याचा तुला आलेला संताप रास्तच आहे. पण ‘ही माणसं विचारच करत नाहीत’ हे काही मला पटलं नाही. विचार करतात गं. त्यांच्यासमोर येणारा पुरावाच एकांगी असतो.

बघ ना, आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. धामण, दिवड चावून कोणी मरत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं डसलं तरी दर वेळी विष अंगात जातंच असं नाही. त्यामुळे भगतानं नुसतं पाणी शिंपडलं तरी बरीच माणसं त्याच्या दारातून चालत घरी जातात, आणि गावानं ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं. उरतात ती पापण्या मिटू लागलेली, हिरड्यांतून रक्त येणारी. ती तुझ्याकडे येतात आणि त्यांतली काही दगावतात. यश त्याच्या खात्यावर, मरण तुझ्या! मण्यारीची तर आणखी पंचाईत. रात्री झोपेत चावते, जागा फारशी दुखत नाही, सुजत नाही. पहाटे पोटात कळा येतात. घरच्यांना ती बाहेरची बाधा वाटली तर नवल नाही.

डॉ. दाभोलकरांनी वर्षानुवर्षं मागितलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या खुनानंतर, २०१३ मध्ये झाला. साप चावलेल्याचे उपचार रोखून मंत्र-गंडेदोरे करणं त्यानं गुन्हा ठरवलं. कायदा हवाच, पण मध्यरात्री भगत उठून दार उघडतो आणि दवाखान्याला कुलूप असतं, तिथे लोक कुणाकडे जातील?

तेव्हा भाषणं देऊ नकोस. घोणस-फुरशाचा संशय असला की रक्त काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतेस ना, ती नळी नातेवाइकांसमोर ठेव. रक्त गोठलं नाही, तर विषाचा प्रताप त्यांना स्वतः दिसेल. प्रतिविष दिल्यावर सहा तासांनी पुन्हा तपासशील, तेव्हाही त्यांना बोलाव.

आणि भगताला एकदा चहाला बोलाव. मंत्र म्हणायचा तर म्हण म्हणावं, पण दवाखान्याकडे निघालेल्या गाडीत बसून. त्याचा मान राहिला तर तो पेशंट अडवून धरणार नाही.

तुझा,
मामा