शिसवी पलंग, लोखंडी कपाट

दुकानात काचेआड मांडलेला बेडरूम सेट देखणा असतो, पण तिथे कुणी राहत असेल असं मला कधी वाटत नाही. पलंग, दोन्ही बाजूंची टेबलं, कपाट, आरसा. सगळ्यांचा रंग एक, नक्षी एक आणि जन्मदिवसही एकच. घर असं एका दिवसात होत नाही, ते जमत जातं. बैठकीची खोली आपण पाहुण्यांसाठी सजवतो. झोपायच्या खोलीत मात्र हे जमत जाणं उघड दिसतं.

आमच्या खोलीत आजोबांचा शिसवी पलंग आहे. कातीव पायांचा, मच्छरदाणीच्या दांड्यांसाठी चारी कोपऱ्यांत भोकं ठेवलेला. शिसव नुसतं काळं नसतं. सकाळचं ऊन तिरपं आलं की उशाकडच्या फळीवर जांभळट रेघा उमटतात. सुताराने खाचेत कूस बसवून तो जोडलाय आणि बोल्टांनी आवळलाय. म्हणून दर बिऱ्हाडबदलाला तो सुटा झाला, अरुंद जिने चढला आणि नव्या खोलीत पुन्हा उभा राहिला. बाजारातली तयार गादी त्याला बसत नाही. मापाने कापसाची भरून घ्यावी लागते.

त्याच्यासमोर आईच्या लग्नातलं गोदरेजचं कपाट. १८९७ साली कुलपांपासून सुरुवात केलेल्या या कंपनीने १९२३ साली पोलादी कपाटं बनवायला घेतली. वाळवीला आणि पावसाळी ओलीला कंटाळलेल्या घरांना ती हवीच होती. मूठ फिरवली की होणारा जड खटका, दार उघडताच येणारा डांबरगोळ्यांचा नि शालूचा वास, आतला छोटा लॉकर. पलंगाशेजारी लेकीने आणलेलं फिकट पाइनचं टेबल, पेटीतून निघालेलं आणि षट्कोनी किल्लीने तिनेच जोडलेलं.

तीन पिढ्या, तीन घाट. तरी खोली विस्कटलेली वाटत नाही. त्यामागे थोडा विचार आहे. एका खोलीत ठसठशीत वस्तू एकच असावी. इथे तो मान पलंगाचा, बाकीच्यांनी साधं राहावं. टेबलाची उंची गादीच्या पातळीला हवी, म्हणजे झोपेत पाण्याचा तांब्या हाताला लागतो आणि डोळ्यांनाही खटकत नाही. कपाटाचा करडा-हिरवा रंग सोलापुरी चादरीच्या काठात पुन्हा येतो. एकदा दिसलेला रंग दुसऱ्यांदा भेटला की परका राहत नाही. लाकडांचं म्हणाल, तर शिसवाशेजारी पिवळसर सागवान शोभतं, फिकट पाइनही शोभतं. शोभत नाही ते शिसवासारखं भासणारं सनमायका. वेगळेपणा स्पष्ट असला की दोघांची शान राहते; जवळपास सारखं असलं की एक दुसऱ्याची नक्कल वाटतं.

हे मिश्रण आजचं नाही. गोव्यातल्या जुन्या वाड्यांमधले उंच खांबांचे पलंग पाहावेत. घाट पोर्तुगीज, पण सुतार इथला, त्यामुळे नक्षीत इथली पानंफुलं सहज उतरली. दोन देश एकाच पलंगात नांदले, आणि आज त्या पलंगाला कुणी अर्धवट म्हणत नाही.

सेट घेण्यात वाईट काही नाही. नव्या संसाराची ती सोय आहे. पण त्याच्यापायी आजीची ट्रंक किंवा मामांची आरामखुर्ची भंगारात जाते, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. ज्या लाकडावर दोन पिढ्यांचे हात फिरले, त्याची झळाळी कुठल्याच दुकानात विकत मिळत नाही. म्हणून नवं घर मांडणाऱ्या मुलांना मी एवढंच सांगते : सगळं एकदम घेऊ नका. आधी पलंग घ्या, मग थांबा. एक भिंत मोकळी ठेवा. घरात सून येईल, जावई येईल, कुणी गावाकडून फडताळ पाठवील. त्यांच्याबरोबर येणाऱ्या वस्तूंना जागा असली, की त्या माणसांनाही हे घर आपलं वाटतं.