फिकट अक्षरांचा दोष कुणाचा?

संकेतस्थळांची रचना करणाऱ्या तंत्रज्ञांच्या एका परिषदेला मी नुकताच जाऊन आलो. भाषणे पुष्कळ झाली. मनात राहिला तो एक आकडा, ४.५ : १. साध्या आकाराचे अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान एवढे असावे, असा ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम’चा निकष आहे. मजकूर दुप्पट मोठा केला तरी तो नीट वाचता यावा, हाही. (सभागृहातील पडद्यावर मात्र फिकट करडी अक्षरेच झळकत होती!) तेव्हा डॉक्टरांची वेळ ठरवताना मोबाइलवरचे अक्षर दिसेना, तर डोळे अवश्य तपासून घ्या, पण सारा दोष वयाच्या माथी मारू नका. आणि शुश्रूषा करणाऱ्यांनो, आजोबांच्या हातून फोन काढून घेण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन अक्षरे मोठी करून पाहा.