पेडणे, डिचोली आणि एक हँडल

पणजीहून पेडण्यास जाण्याचे आमचे वाहन गेली चाळीस वर्षे एकच आहे. १९८४ साली आम्ही ही बुलेट घेतली तेव्हा मांडवीवरचा जुना नेहरू पूल उभा होता. १९८६ च्या जुलैत, ५ तारखेस, तो कोसळला आणि त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही याच गाडीसह फेरीबोटीच्या रांगेत उभे राहून पलीकडचे बेती गाठीत होतो. पुढे नदीवर पुन्हा पूल झाले. २०१९ साली सर्वांच्या डोक्यावरून अटल सेतू गेला; पण त्यावर दुचाकीस मज्जाव असल्यामुळे आम्ही आपले खालच्या पुलावरून, नदीच्या थोडे जवळून जातो. त्याचे आम्हांस दुःख नाही.

कोजागिरीस पेडण्यात भगवतीची पुनव भरते. सौ.चे माहेर त्या तालुक्यातले. तिची थोरली बहीण, जिला सारा गाव माई म्हणतो, आज ब्याऐंशी वर्षांची आहे व घर सोडून कोठे जात नाही. पुनवेला आम्ही दोघांनी बुलेटवरून जायचे आणि माईच्या ओसरीवर उतरायचे, हा क्रम चुकला तो एकदाच, गेल्या वर्षी. आमचा उजवा खांदा आखडला. हात पुढे ताणला की काखेपासून मनगटापर्यंत कळ जाई. गाडी अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिली. पुण्याहून चिरंजीवांचा फोन आला, "बाबा, आता विकून टाका." सौ. काही बोलली नाही. मात्र माईला फोन करताना "यंदा जमत नाही गं" एवढेच सांगून तिने रिसीव्हर ठेवला, तो पुष्कळ वेळ हातातच धरल्यासारखा.

खांदा व्यायामाने सुटत आला तेव्हा वैद्यकीय सल्ला असा मिळाला, की गाडी चालवा, पण हात ताणून चालवू नका. कोपर वाकलेला राहिला पाहिजे. आमच्या गाडीचे हँडल आखूड व खाली. त्यावर बसले की अंग आपोआप पुढे झुकते आणि निम्मा भार तळहातांवर येतो. तरुणपणी यास रुबाब म्हणतात. तेव्हा गाडी विकायची नसेल तर हँडल बदलणे प्राप्त होते.

गोव्यात या कामाचे जाणकार शोधावे लागत नाहीत. पिवळ्या मडगार्डाच्या मोटारसायकलीवरून उतारू नेणारे आमचे 'पायलट' दिवसाचे आठ-दहा तास हँडल धरून असतात. कोणते हँडल कोणाच्या पाठीस मानवेल हे त्यांना शिंप्याप्रमाणे नजरेने कळते. फेरीच्या धक्क्यावरच्या एका पायलटाने आम्हांस गाडीवर बसविले, डोळे मिटावयास लावले आणि हात सहज जेथे येतील तेथे धरावयास सांगितले. ते आले जुन्या हँडलापेक्षा सुमारे तीन इंच वर आणि दोन इंच मागे. "पात्रांव, हेंच तुमचें माप," तो म्हणाला.

त्या मापाचे हँडल बाजारात मिळाले. या गाड्यांच्या हँडलाची नळी बावीस मिलिमीटर जाडीची, म्हणजे जुन्या मापाने पाऊण इंच आणि वर आणखी एक दोरा. १९५५ साली मद्रास मोटर्सने विलायती कारखान्याशी करार करून मद्रासेत बुलेट आणली, तेव्हापासूनची ही इंचांची वंशावळ अजून पुसली गेलेली नाही. कायद्याचेही पाहून घ्यावे लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत असा फेरबदल गाडीत करता येत नाही, म्हणून आम्ही परिवहन कचेरीत एक फेरी घातली व विचारून आलो.

सांतिनेजमधील आमचे मेस्त त्या आठवड्यात गावी होते. फोनवर त्यांनी दोन दिवस थांबावयास सांगितले आणि एक वाक्य आवर्जून उच्चारले: हँडल उंच झाले की सगळ्या केबली लांब लागतात, एकही सोडू नका. पुनव मात्र चार दिवसांवर आली होती. चाळीस वर्षांच्या सहवासाने आलेला एक उद्धटपणा माणसाच्या अंगी असतो. आम्ही पाने घेऊन अंगणात बसलो.

काम वस्तुतः अवघड नाही. आरसे काढले, मुठी साबणाच्या पाण्याने सैल करून ओढल्या, क्लच व पुढच्या ब्रेकच्या लिव्हरी सोडविल्या, डिकॉम्प्रेशनची छोटी लिव्हर सोडविली. दिव्याच्या खोबणीवर हँडल धरून ठेवणाऱ्या दोन पकडी, त्यांचे चार बोल्ट. ते सुटताच जुने हँडल हातात आले, आणि खरे सांगावयाचे तर क्षणभर गाडीचे डोके काढून घेतल्यासारखे वाटले. नवे बसवून बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले. एक बाजू आधी करकचून आवळली तर पकड तिरकी बसते. क्लचची आणि ब्रेकची लांब केबल मिळाली होती. अ‍ॅक्सिलरेटरची लांब केबल दुकानात शिल्लक नव्हती. जुनीच दिव्याच्या पुढून वळसा देऊन ओढली, तर पोहोचली. हँडल दोन्हीकडे पुरते फिरवून पाहिले, टाकीला लागत नव्हते. इंजिन बंद ठेवूनच हे सारे पाहिले, हे येथे नमूद करून ठेवतो.

पुनवेच्या सकाळी निघालो. पर्वरीचा चढ, गिरीची भातशेते, म्हापशाची गर्दी ओलांडून कोलवाळच्या पुलावर आलो तोवर खांद्याने एकदाही आठवण करून दिली नव्हती. पाठ ताठ, कोपर वाकलेले, शापोरा नदीवरचा वारा मात्र आता सरळ छातीवर. उंच हँडलाची ही एक किंमत असते. वेग वाढला की अंगाचे शीड होते. आम्ही वेग कमी ठेवला. पूल ओलांडला की पेडणे तालुका लागतो. सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलातून अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे गेलेला हा मुलूख, म्हणून त्याच्या बोलीत आणि देवळांत अजून वाडीची ओढ आहे. धारगळला मात्र जुने काही ओळखू येत नाही. २०२३ च्या जानेवारीपासून मोप्याच्या पठारावर विमाने उतरू लागली. त्या दिशेने धावणाऱ्या मोटारींमध्ये आमची बुलेट बैलगाडीसारखी बाजूने चालली.

माई ओसरीवर होती. तिने आधी गाडीकडे पाहिले, मग आमच्याकडे. "शिंगे वाढली हो हिची," म्हणाली आणि गाडीवरून हात फिरविला. रात्री देवळाशी गेलो. दाराच्या दोन्ही बाजूंस उभे असलेले काळ्या दगडाचे ते दोन हत्ती, तरंगांभोवतीची गर्दी, भूतनाथाच्या एका रात्रीत अपुऱ्या राहिलेल्या देवळाची तीच कथा. दर वर्षी तीच असते म्हणूनच माणसे येतात. माईला खुर्चीवर बसवून नेले होते. दोन वर्षांचे मागे पडलेले बोलणे बहिणींनी त्या रात्री पुरे केले.

दुसऱ्या दिवशी सौ.ने नार्व्याचा विषय काढला. सप्तकोटेश्वराच्या देवळाचे जीर्णोद्धाराचे काम होऊन ते फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा खुले झाले, ते तिने पाहिले नव्हते. थिवी, अस्नोड्यावरून डिचोलीची वाट धरली. या रस्त्याची तांबडी धूळ आमच्या ओळखीची आहे. खनिजाचे ट्रक एकामागून एक धावत तेव्हा येथे दुचाकी चालविणे हे धाडस होते. २०१२ साली खाणी थांबल्या, पुढे चालू होऊन २०१८ साली पुन्हा थांबल्या. आता लिलावांनंतर काही ठिकाणी यंत्रे पुन्हा हलू लागली आहेत. ट्रक नको वाटतात, आणि त्यांच्या हप्त्यांवर ज्यांची घरे होती त्यांचे काय झाले हेही आठवते. डिचोलीच्या बाजारात चहा घेतला आणि मये गावावरून नार्व्यास उतरलो.

दिवाडी बेटावरचे कदंबांचे हे दैवत पोर्तुगीजांच्या काळात नदी ओलांडून येथे आणले गेले आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ बांधविले. देऊळ लहानच आहे. झाडीत, उताराखाली, एखाद्याने लपवून ठेवावे तसे. सौ. दीपमाळेशी बराच वेळ बसली. परतताना आल्या वाटेने न जाता दिवाडीची फेरी घ्यावी असे ठरले.

फेरीचा उतार चिखलाने निसरडा होता. नियमाप्रमाणे सौ. उतरून पायी पुढे गेली, म्हणून हा लेख हलक्या मनाने लिहिता येतो. आम्ही पहिल्या गियरमध्ये बोटीवर चढलो आणि गाडी कडेस लावण्यासाठी हँडल डावीकडे पुरते वळविले. मूठ पिळलेली नसताना इंजिनाने आवाज चढविला आणि गाडीने बोटीच्या लोखंडी कठड्याकडे झेप घेतली. क्लच ओढला, आवाज आणखीच वाढला. कोणत्या बोटाने डिकॉम्प्रेशनची लिव्हर दाबली ते आठवत नाही, पण इंजिन धापा टाकून थांबले. पुढचे चाक कठड्यावर आपटले, आम्ही डाव्या पायावर कसेबसे तोलून राहिलो. दोन खलाशी धावत आले. सौ. कठड्यापासून चार हातांवर उभी होती. तिने पदर तोंडाशी धरला होता व डोळे आमच्यावर नव्हते, पाण्यावर होते.

बोटीवर एक पायलट होता. त्याने काही न विचारता आमचे हँडल डावीकडे वळविले आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलीवर बोट ठेवले. ती तारेसारखी ताणली होती. हँडल डावीकडे वळते तेव्हा उजवी मूठ इंजिनापासून दूर जाते. केबल आखूड असली तर ते वळणच अ‍ॅक्सिलरेटर देते. सरळ रस्त्यावर याचा पत्ता लागत नाही. दोन दिवसांत पुरते वळण घेण्याचा प्रसंग एकदाही आला नव्हता, तो आला नदीवर.

दिवाडीच्या काठाला झाडाखाली गाडी मधल्या स्टँडवर घेऊन त्याने मुठीचे दोन स्क्रू सोडविले, केबल दिव्यापुढच्या वळशातून काढून मागून आखूड वाटेने आणली, तेवढ्यानेच दोन बोटे ढील मिळाली. मग इंजिन चालू ठेवून हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरविले आणि कान लावला. "ही परीक्षा इंजिन चालू असताना करावयाची," तो कोकणीत म्हणाला, आणि आमच्या वयाकडे पाहून पुढचे बोलला नाही. पैसे घेतले नाहीत. आम्ही "देव बरें करूं" म्हटले.

दिवाडीच्या सरळ रस्त्यावर सौ. मागे बसावयास तयार होईल की नाही, अशी आम्हांस शंका होती. ती बसली. मात्र दुसऱ्या फेरीवर जुने गोवे येईपर्यंत आणि तेथून रायबंदरच्या जुन्या बांधावरून पणजी दिसेपर्यंत दोघेही गप्प होतो. घरी आल्यावर तिने विचारले, "मेस्तांनी किती दिवस थांबायला सांगितलं होतं?"

"दोन."

"बरं," एवढेच ती म्हणाली.

मेस्त गावाहून आले, लांब केबल बसली, बोल्ट त्यांनी आपल्या हाताने पुन्हा तपासले आणि आमच्याकडे न पाहता दोन पूर्ण वळणे आवळले. जुने हँडल माळ्यावर ठेवावे म्हणून आम्ही शोधू लागलो, तर ते सापडेना. सौ.ने ते न्हाणीघराबाहेर दोन खिळ्यांवर बसविले आहे. त्यावर पंचे वाळतात. रात्री चिरंजीवांचा फोन आला आणि गाडीचे काय ठरले असे त्यांनी विचारले. तो सौ.ने घेतला होता. पुढल्या पुनवेला माईकडे दोन रात्री राहणार आहोत, असे तिने सांगितले.